असूस की गिगाबाइट? कोटेशनवर ब्रँड असतो, बोर्ड नसतो

धायरीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा ओळखीतला एक मुलगा मागच्या आठवड्यात दोन कोटेशन घेऊन आला. दोन्ही बुधवार पेठेतली, तपकीर गल्लीच्या आसपासच्या दुकानांची. प्रोसेसर तोच, रायझन ७ ९७००एक्स. रॅम तीच, एसएसडी तीच, कॅबिनेटसुद्धा तेच. फरक फक्त एका ओळीत. एकावर लिहिलं होतं ‘बी६५० असूस’, दुसऱ्यावर ‘बी६५० गिगाबाइट’, आणि दोघांत साडेतीन हजारांचा फरक.

‘दादा, यातला टिकेल कोणता?’

त्याच्या आधीच्या पीसीनं त्याला पुरता छळलाय. रात्री दीड वाजता रेंडर लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघावं तर स्क्रीन निळी. नाहीतर पीसी आपोआप रिस्टार्ट झालेला आणि रेंडर चाळीस टक्क्यांवर थांबलेलं. गेल्या सीझनला दोन पार्ट्यांना टीझर वेळेत देता आला नाही म्हणून त्यानं पैसे सोडून दिले. म्हणजे हा प्रश्न गेमिंगच्या हौसेचा नाही, पोटाचा आहे.

मी त्याला एवढंच विचारलं, ‘मॉडेल कोणतं?’ त्याला माहीत नव्हतं. दुकानदारानं लिहिलंच नव्हतं.

ब्रँड बदलला की वेग बदलतो का?

सरळ उत्तर: नाही. निदान तुम्हाला जाणवेल इतका तरी नाही. बी६५० हा चिपसेट एएमडीचा आहे आणि तो असूसला, गिगाबाइटला, एमएसआयला आणि एएसरॉकला सारखाच मिळतो. मेमरी कंट्रोलर तर आता प्रोसेसरच्याच पोटात असतो. त्यामुळे तोच प्रोसेसर आणि तीच रॅम चांगल्या स्थितीतल्या दोन बोर्डांवर लावली, तर व्हिडिओ रेंडर व्हायला लागणारा वेळ जवळपास सारखाच येतो. जिथे फरक दिसतो, तिथे बहुतेक वेळा एका कंपनीनं प्रोसेसरला आपणहून जास्त वीज द्यायचं सेटिंग चालू ठेवलेलं असतं. त्याबद्दल पुढे बोलूच, कारण खरी भानगड तिथेच आहे.

या चारही कंपन्या तैवानच्या. गिगाबाइट आणि एमएसआय १९८६च्या, असूस १९८९ची, आणि एएसरॉक २००२मध्ये असूसमधूनच बाहेर पडलेली. ‘हा ब्रँड ओरिजिनल, तो चायनाचा’ असं काउंटरवर कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

फरक पडतो तो एकाच ब्रँडच्या आतल्या पायऱ्यांमध्ये. असूसचा प्राइम, टफ आणि स्ट्रिक्स हे तीन वेगळे बोर्ड आहेत. एमएसआयचा प्रो आणि टोमाहॉक यांचंही तसंच. गिगाबाइटमध्ये डीएस३एचपासून ऑरसपर्यंत, एएसरॉकमध्ये एचडीव्हीपासून स्टील लेजंडपर्यंत तीच उतरंड. गंमत म्हणजे एएसरॉकचा बी६५०एम-एचडीव्ही/एम.२ हा त्यांच्या अगदी स्वस्तातल्या बोर्डांपैकी, पण वीजपुरवठ्याच्या बाबतीत त्यानं परीक्षकांकडून चांगली शाबासकी मिळवली. म्हणजे महागातलं तेवढंच चांगलं असंही नाही. गिगाबाइट घेताना आणखी एक बघायचं: बोर्डाच्या कोपऱ्यात ‘रिव्हिजन १.०’, ‘१.२’ असं छापलेलं असतं. नाव तेच राहतं, पण आतले भाग बदललेले असू शकतात, आणि बायोससुद्धा त्या त्या रिव्हिजनचाच घालावा लागतो.

बोर्डावरची डीपी

एकाच चिपसेटचे बोर्ड वेगळे कसे, तर मुख्यतः व्हीआरएममुळे. प्रोसेसरच्या सॉकेटभोवती चौकोनी काळ्या चिपा आणि त्यावर धातूचे हीटसिंक दिसतात, तो हा भाग. पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला लागतात साधारण एक ते दीड व्होल्ट, पण करंट मात्र प्रचंड, मोठ्या प्रोसेसरला शंभर अँपिअरच्याही वर. हे रूपांतर व्हीआरएम करतो. आपल्या सोसायटीबाहेरची डीपी जे काम करते तेच. एप्रिलमध्ये सगळ्यांचे एसी एकदम चालू झाले की डीपी तापते आणि मग काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. स्वस्त बोर्डावर मोठा प्रोसेसर लावून तीन तास रेंडर चालवलं की व्हीआरएम तसाच तापतो आणि प्रोसेसरचा वेग खाली ओढतो. आपण म्हणतो, प्रोसेसर स्लो झाला.

आता आपल्या धायरीच्या मुलाकडे बघा. ९७००एक्स कंपनीच्या सेटिंगवर जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो. एवढं बाजारातला जवळपास कोणताही बी६५० बोर्ड सहज पेलतो. तो उद्या ९९५०एक्स लावणार असेल तर गोष्ट वेगळी, कारण तो याच्या दुपटीहून जास्त वीज घेतो, आणि इंटेलच्या कोअर आय९ १४९००केची मर्यादा २५३ वॉट. तिथे हीटसिंक नसलेला बोर्ड घेणं म्हणजे बैलगाडीला ट्रकचा माल.

चौघांच्याही कुंडलीत काही ना काही आहे

‘स्थिर ब्रँड कोणता’ याचं उत्तर मागच्या चार-पाच वर्षांच्या बातम्यांत शोधलं तर हाती काय लागतं ते बघा.

डिसेंबर २०२१मध्ये असूसच्या झेड६९० हिरो या महागड्या बोर्डाच्या एका बॅचमध्ये एक कपॅसिटर उलटा बसवलेला निघाला. काही बोर्ड जळाले आणि कंपनीला ते परत घ्यावे लागले. एप्रिल २०२३मध्ये रायझन ७०००च्या एक्स३डी प्रोसेसरना बोर्डावरच डाग पडून, फुगून मरण आलं. मेमरीचा एक्स्पो प्रोफाइल चालू केला की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज भलतंच वर नेत होते. सगळ्यात जास्त टीका असूसवर झाली, पण एएमडीनं १.३ व्होल्टची मर्यादा सगळ्याच कंपन्यांना घालून दिली. त्याच वर्षी मे महिन्यात गिगाबाइटच्या अडीचशेहून अधिक मॉडेलांच्या फर्मवेअरमध्ये असुरक्षित पद्धतीनं अपडेट उतरवून घेणारा भाग सुरक्षा संशोधकांना सापडला. एमएसआयच्या जवळपास तीनशे मॉडेलांत सिक्युअर बूट दिसायला चालू, पण प्रत्यक्षात काहीही अडवत नाही, असं डीफॉल्ट सेटिंग असल्याचं २०२३च्या सुरुवातीला उघड झालं होतं. आणि २०२५मध्ये रायझन ७ ९८००एक्स३डी मरण्याच्या तक्रारी एएसरॉकच्या बोर्डांवर सर्वाधिक आल्या. सुरुवातीच्या बायोसमध्ये करंटच्या मर्यादा जास्त ठेवल्या गेल्याचं कंपनीनं मे २०२५मध्ये मान्य केलं, पण त्यानंतरही तक्रारी पूर्ण थांबल्या नाहीत.

म्हणजे झाले चारही. यातला एक कपॅसिटरचा प्रकार सोडला तर बाकी सगळे दोष बायोसमधले, म्हणजे सॉफ्टवेअरमधले आहेत. तांबं आणि सोल्डर वाईट नव्हतं, सेटिंग वाईट होतं.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. २०२४च्या सुरुवातीला आय९ असलेले पीसी गेम उघडताना कोसळू लागले. आधी बोट दाखवलं गेलं बोर्ड कंपन्यांकडे, कारण परीक्षणात दोन टक्के पुढे दिसावं म्हणून त्यांनी इंटेलच्या वीजमर्यादा डीफॉल्टमध्येच सैल सोडल्या होत्या. मग इंटेलनं मान्य केलं की मूळ दोष त्यांच्या मायक्रोकोडमध्येही आहे, प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतो आणि हळूहळू खराब होतो. दुरुस्तीचा पहिला मोठा मायक्रोकोड ऑगस्ट २०२४मध्ये आला आणि बॉक्समधून विकलेल्या या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण ही दुरुस्ती तुमच्यापर्यंत आली कुठून? बोर्ड कंपनीच्या बायोस अपडेटमधून. ज्यानं बायोस अपडेट केला नाही, त्याचा प्रोसेसर तसाच झिजत राहिला, आणि एकदा झिजलेला प्रोसेसर अपडेटनं बरा होत नाही. म्हणून सेकंडहँड आय७ किंवा आय९ घेत असाल तर दुकानात बसूनच बायोसची तारीख बघा. २०२४च्या ऑगस्टआधीची असेल तर तो सौदा सोडा, कितीही स्वस्त असला तरी.

तेव्हा स्थिरतेसाठी ब्रँडपेक्षा दोन गोष्टी बघायच्या. त्या मॉडेलच्या सपोर्ट पेजवर शेवटचा बायोस कधी आलाय, आणि बायोसमध्ये शिरून डीफॉल्ट सेटिंग काय आहे. इंटेलवर ‘इंटेल डीफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा. मल्टिकोअर एन्हान्समेंट नावाचं काही चालू दिसलं तर बंद करा. एएमडीवर पीबीओला हात लावू नका. दोन-चार टक्के वेग जाईल. रात्रभराचं रेंडर सकाळी पूर्ण झालेलं मिळेल.

पुण्यात घडलेला बोर्ड

वेगापेक्षा स्थिरता निवडणं म्हणजे काय, याचं उदाहरण आपल्याच शहरात आहे. सी-डॅकनं ‘रुद्र’ नावाचा सर्व्हर डिझाइन केला आहे, त्याच्या मदरबोर्डसकट. १९९१मध्ये परम ८००० बनवणारी हीच ती पुण्याची संस्था. या रुद्रवर उभे केलेले तीन परम रुद्र महासंगणक पंतप्रधानांच्या हस्ते २६ सप्टेंबर २०२४ला राष्ट्राला अर्पण झाले. पुण्याचा दौरा पावसामुळे रद्द झाला होता, त्यामुळे कार्यक्रम व्हिडिओवरून झाला. तिघांची किंमत मिळून साधारण १३० कोटी. एक दिल्लीला, एक कोलकात्याला आणि एक पुण्यात, नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी.

त्या बोर्डावर बसवलेला प्रोसेसर कोणता, तर इंटेलचा झिऑन, कॅस्केड लेक पिढीचा, म्हणजे २०१९मध्ये बाजारात आलेला. मेमरी ईसीसी, जी एखादा बिट चुकला तर स्वतःच दुरुस्त करते. आठवडाभर चालणारी आकडेमोड मध्येच पडली तर शास्त्रज्ञाचा आठवडा वाया जातो, हे गणित तिथे आधी मांडलेलं असतं. आपल्याला झिऑन घ्यायची गरज नाही. पण रात्रभर रेंडर लावणाऱ्याचं गणित गेमरपेक्षा या लोकांच्या जवळचं आहे.

सध्या बोर्ड नव्हे, रॅम ठरवते

२०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत हे दुकानात विचारलंत तर कळलंच असेल. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळतोय. मायक्रॉननं तर ३ डिसेंबर २०२५ला ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे पुष्कळ लोक सध्या एक करतायत: आत्ता एकच स्टिक घ्यायची, दुसरी भाव उतरल्यावर.

हे करू नका. किंवा करायचंच असेल तर पुढे काय होईल ते समजून करा. सहा महिन्यांनी त्याच नावाची स्टिक घेतली तरी आतल्या चिप दुसऱ्या असू शकतात. दोन्ही मिळून एक्स्पो किंवा एक्सएमपीच्या वेगावर स्थिर चालतील याची हमी कुणीच देत नाही. मग पीसी अधूनमधून अडकतो आणि शिव्या बसतात बोर्डाला. चार स्लॉट दिसतात म्हणून चार स्टिक लावणंही तसंच. रायझन ९०००वर चार डीडीआर५ स्टिक लावल्या की एएमडीचा अधिकृत वेग ३६००पर्यंत खाली येतो. म्हणून दोन स्टिकचं एकच पाकीट घ्या, आणि ते बोर्डाच्या सपोर्ट पेजवरच्या मेमरी यादीत आहे का ते बघा.

हातात डीडीआर४ पडून असेल तर? इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे डीडीआर४ चालणारे बी७६० बोर्ड मिळतात, आणि जुन्या एएम४चा पर्यायही आहे. दोन्ही सॉकेटना पुढचा रस्ता नाही हे खरं. एएम५ला एएमडीनं २०२७ आणि त्यापुढेही पाठिंबा देऊ केलाय. पण सध्याच्या भावात जुनी रॅम वाचवणं हा रडीचा डाव नाही, शहाणपणाचा आहे.

याच काळात विंडोज १०चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यात सिक्युअर बूटची २०११ची प्रमाणपत्रं जून २०२६पासून मुदतबाह्य होऊ लागतायत. पीसी त्यामुळे बंद पडणार नाही, पण काही जुन्या बोर्डांना नव्या प्रमाणपत्रांसाठी बायोस अपडेट लागेल. पाच वर्षांपूर्वीच्या बोर्डाला तुमची कंपनी अजून बायोस देते का, हे तपासायची ही चांगली संधी. ब्रँडची खरी परीक्षा मला तरी इथेच वाटते.

बिल, पिन आणि अर्थिंग

मदरबोर्डवर आपल्याकडे साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते. ती मिळते बिलावर, दुकानदाराच्या शब्दावर नाही. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्चं बिल घेतलं की तीन वर्षं हवेत. पक्क्या बिलावर पूर्ण मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या.

दुसरं, एएम५ आणि इंटेलच्या बोर्डांवर पिन सॉकेटमध्ये असतात, प्रोसेसरवर नाही. एक पिन वाकली की वॉरंटी नाकारली जाते. माझा एक बोर्ड असाच परत आला होता, ‘पिन वाकलेली आहे, ग्राहकाची चूक’ म्हणून. देताना ती सरळ होती याचा माझ्याकडे पुरावा नव्हता. कंपनीचं नाव घेत नाही. तेव्हापासून सॉकेटचा फोटो काढल्याशिवाय बोर्ड हातातून सोडत नाही, आणि सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण डब्यात जपून ठेवतो. तुमची बाजू खरी असूनही कुणी दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

तिसरं घरातलंच. पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तिसऱ्या पिनला वायरच जोडलेली नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बोर्ड बदलण्याआधी वायरमनला बोलवा.

नवा बोर्ड घेण्याआधी जुन्याचं निदान करणंही फुकट आहे. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा. नुसतं ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसत असेल तर त्याचा अर्थ पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला एवढाच. वीज, यूपीएस आणि पॉवर सप्लाय आधी तपासा. सोबत ‘व्हीआ लॉगर’ म्हणजे डब्ल्यूएचईएच्या नोंदी असतील तर हार्डवेअरची चूक आहे. मग रात्रभर मेमटेस्ट८६ लावा.

धायरीच्या मुलाच्या पीसीवर आम्ही तेच केलं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन स्टिक, दुसरी वर्षभरानं टाकलेली, आणि एक्सएमपी चालू. मेमटेस्टनं तासाभरातच लाल ओळी दाखवायला सुरुवात केली. एक्सएमपी बंद केला, रॅम मूळ वेगावर आली, आणि रात्रभर एकही चूक नाही. त्यानंतर चार रात्री रेंडर लावलं, चारही सकाळी पूर्ण झालेलं मिळालं.

दोन्ही कोटेशन अजून त्याच्या ड्रॉवरमध्ये आहेत. परवा गल्लीत जाऊन त्यानं दोन्हींवर मॉडेल नंबर तेवढे लिहून घेतले.